मात समोर दिसत असताना उलटा वार

बुद्धिबळात समोरच्याने मात (राजाला सुटकाच नाही असा शह) करण्याची धमकी दिली की माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांचा हात सरळ बचावाच्या प्याद्याकडे जातो. मी तो थांबवते. आधी आपल्याकडच्या सगळ्या शहांच्या, म्हणजे राजावर थेट हल्ला करणाऱ्या, चाली बघायच्या, अगदी वेडगळ वाटणाऱ्यासुद्धा. कारण शह दिला की प्रतिस्पर्ध्याला आधी राजा सांभाळावाच लागतो. त्याची धमकी तेवढा वेळ थांबते.

पट मांडा (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ). पांढरा: राजा जी१, वजीर ई२, हत्ती ई१, प्यादी एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर बी७, उंट ए८, हत्ती डी८, प्यादी एफ७, जी७, एच७. काळ्याला वजिराने जी२ वरचं प्यादं मारून मात करायची आहे. पण चाल पांढऱ्याची आहे. वजीर ई८, शह! हत्तीने वजीर मारणं भागच आहे. मग आपला हत्ती ई८ वर मारतो आणि मात. राजाला त्याच्याच प्याद्यांनी कोंडलं. किती सुंदर!

आता पहिल्या मांडणीत काळं प्यादं एच७ वरून एच६ वर ठेवा आणि तीच चाल करून बघा. शेवटच्या शहानंतर राजा एच७ वर निसटतो, मात होत नाही आणि आपण वजीर गमावून डाव हरतो. म्हणून वजीर देण्याआधी शेवटच्या शहापर्यंत मोजायचं, राजाची प्रत्येक पळवाट बोटाने दाखवायची. इथे प्यादं एफ३ ही चाल चांगली: काळ्या वजिराचा जी२ कडे जाणारा कर्ण (तिरकी रेषा) बंद होतो आणि आपल्या वजिराला जी२ राखता येतं.

समोरच्याच्या वजिरावर नुसता हल्ला म्हणजे उलटा वार नव्हे. तो वजीर पुढच्याच चालीत मात करणार असतो.