केळीत काकडी टाकण्याआधी कूळ बघा

केळीच्या मृग बागेची (जून-जुलैची) लागवड झाली की जळगावातल्या रावेर-यावलकडे दोन ओळींमधली मोकळी जागा डोळ्यांत भरते. ठिबक आहे, खत आहे, मग चार वेल काकडीचे, गिलक्याचे टाकले तर काय बिघडलं?

बिघडतं. केळीवरचा हरण्या रोग म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, नावातच काकडी. रोगट वेलावर सोंड खुपसल्यावर काही सेकंदांत मावा (रस शोषणारी बारीक कीड) विषाणू उचलतो आणि उडून कोवळ्या रोपावर बसला की तिथे सोडतो. फवारणीने मावा मरतो, पण बहुतेकदा काम उरकून झाल्यावर. पानावर पिवळट पट्टे येतात, पान आखडतं, पुढे पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो. ढगाळ पावसाळी हवेत हे झपाट्याने वाढतं.

वेलांची नावं एकदा शास्त्रीय भाषेत वाचा. ती आपल्या हजेरीपटासारखी असतात, आडनाव आधी. काकडी कुकुमिस सॅटिव्हस, खरबूज कुकुमिस मेलो. बांधावरचं शेंदाडही कुकुमिसच, म्हणजे भाऊबंद. गिलके, दोडके, कारले, टरबूज यांची आडनावं वेगळी, पण कूळ तेच, कुकर्बिटेसी. त्यामुळे काकडी टाळून दोडका लावला तर साधलं काहीच नाही.

केळी मात्र म्युझेसी कुळातली, काकडीशी तिचं काडीचंही नातं नाही. तरीही हा विषाणू कुळाची वेस मानत नाही, मिरची-टोमॅटोवरही राहतो. तीही केळीत नकोत. शेंदाड आणि केना ही तणं आधी उपटा. हिरवळीच्या खतासाठी ताग घ्या.

कपाशीत कुळाचा हिशेब अगदी सरळ आहे. कपाशी, भेंडी, अंबाडी तिघी माल्व्हेसी. घरच्या भाजीपुरती म्हणून कपाशीच्या कडेला लावलेली भेंडी तुडतुड्यांना आणि ठिपक्यांच्या बोंडअळीला आयतं घर देते. गुलाबी बोंडअळीही तिच्यावर जगते. भाजी हवीच तर घराजवळ लावा, कपाशीपासून लांब.

भरिताच्या वांग्याला मिरची-टोमॅटोचं रान देऊ नका, तिन्ही सोलॅनेसी. टोमॅटोला पूर्वी लायकोपर्सिकॉन म्हणत, आता तोही वांग्यासारखा सोलॅनमच. शास्त्रज्ञांनी आडनाव बदललं, जमिनीतली मर (झाड वाळवणारा रोग) मात्र पूर्वीपासून दोघांनाही ओळखते.

केळीची बाग दर चार-पाच दिवसांनी फिरून बघा. पट्टे आलेलं रोप दिसलं की मुळासकट काढून बागेबाहेर पुरा. बांधावर टाकून ठेवू नका.