‘सिस्टीम थर्मल होत नाही’ असं लिहिण्याआधी या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगर असो की नांदेड, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला स्पिनची साखळी (एका रांगेत एकमेकांशी जोडलेले क्वांटम स्पिन) हा विषय सोयीचा. महागडी लॅब लागत नाही, लॅपटॉप आणि पायथनवर भागतं. प्रश्न असतो की साखळी थर्मल होते का, म्हणजे सुरुवातीची अवस्था विसरून आपली आपण उष्मीय समतोलाला पोचते का. मात्र निष्कर्ष काढण्याची घाई नडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सममिती वेगळ्या न करणं. लगतच्या ऊर्जापातळ्यांमधल्या अंतरांच्या गुणोत्तराची सरासरी 0.53 आली तर सिस्टीम थर्मल, 0.386 आली तर नाही, एवढं पाठ असतं. पण वेगवेगळ्या सममितीच्या पातळ्या एकमेकींना दूर ढकलत नाहीत. सगळ्या एकाच यादीत टाकल्या की चांगली थर्मल होणारी साखळीसुद्धा 0.386 कडे झुकते. 16 स्पिनच्या 65,536 अवस्था असतात. एकूण स्पिनचा झेड-घटक शून्य धरला की 12,870 उरतात. साखळी स्वच्छ असेल, म्हणजे तिच्यात जागोजागी बदलणारं यादृच्छिक चुंबकीय क्षेत्र नसेल, तर तेवढ्यावर थांबू नका. डावं-उजवं उलटवणं आणि सगळे स्पिन उलटे करणं, या सममितींनीही अवस्था वाटून घ्या. मग प्रत्येक गटातला स्पेक्ट्रमचा फक्त मधला भाग घ्या. कडेच्या पातळ्या फसवतात. मॅट्रिक्स लहान झाल्यानं रॅमही वाचते, हा वरचा फायदा.

एवढं करूनही 0.386 च आलं, तर लगेच ‘लोकलायझेशन’ (यादृच्छिक क्षेत्रामुळे ऊर्जा जागच्या जागी अडकणं) लिहू नका. फक्त शेजारी-शेजारी जोडलेली स्वच्छ हायझेनबर्ग साखळी (स्पिनच्या तिन्ही घटकांची सारखी जोडणी असलेली) मुळात इंटिग्रेबल आहे, म्हणजे तिच्यात इतक्या राशी अक्षय्य राहतात की ती गणितानं अचूक सोडवता येते. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेनं ती 1931 मध्येच सोडवली. तिच्यात ऊर्जा अडकून पडत नाही, उलट मोकळी वाहते. दुसऱ्या शेजाऱ्याशी जोडणी घालून बघा: आकडा 0.53 कडे सरकला तर कारण इंटिग्रेबिलिटी होतं.

यादृच्छिक क्षेत्र घातलं असेल तर एका नमुन्यावर भरवसा नको, शेकडो नमुन्यांची सरासरी काढा. 2015 मध्ये 22 स्पिनपर्यंतच्या गणनेतून, क्षेत्राची तीव्रता जोडणीच्या 3.7 पटीच्या आसपास गेली की थर्मलकडून लोकलायझेशनकडे संक्रमण होतं, असा अंदाज निघाला होता. साखळी अमर्याद लांब केली तर तो टिकतो का, यावर अजून वाद आहे. तेव्हा 12 स्पिनवरून ‘सिद्ध झालं’ म्हणणं अन्यायाचं. 10, 12, 14, 16 स्पिनच्या निकालांचा आलेख द्या.

राहिले स्कार, म्हणजे थर्मल पातळ्यांच्या गर्दीतल्या मोजक्या, थर्मल नसलेल्या अवस्था. हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटतं आणि नेमकं तेच सरासरीत हरवतं, कारण बहुतेक पातळ्या थर्मलच असतात. 2017 च्या 51 रुबिडियम अणूंच्या प्रयोगात एकाआड एक उत्तेजित अणूंची सुरुवात पुन्हा पुन्हा परत येत राहिली. सगळे अणू तळाच्या अवस्थेत ठेवून सुरुवात केली तर असं होत नाही. आदर्श मॉडेलमध्ये या दोन्ही सुरुवातींची सरासरी ऊर्जा सारखीच असते. म्हणून एकाच सुरुवातीवरून निकाल देऊ नका. सारख्या ऊर्जेच्या निदान दोन-तीन सुरुवाती चालवून बघा.