केस जास्त गळायला लागलेत? आधी तीन महिने मागे जाऊन बघा

केस अचानक गळायला लागले की आपण आधी शाम्पू बदलतो, मग तेल, मग पाण्याला दोष देतो. पण खरं कारण बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांपूर्वीच घडून गेलेलं असतं. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी कॅलेंडर घ्या, गळती साधारण कधी वाढली ते आठवा आणि तिथून तीन महिने मागे जा. तेव्हा जोराचा ताप आलेला का, ऑपरेशन झालं का, डिलिव्हरी, खाणं एकदम तोडून केलेलं डाएट, गर्भनिरोधक गोळ्या बंद करणं, घरातला मोठा धक्का, जे आठवेल ते लिहून काढा.

तीन महिनेच का? तर प्रत्येक केस २ ते ६ वर्षं वाढतो, महिन्याला साधारण १ सेंटीमीटर, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि पुढे तीनेक महिने तो नुसता मुळाशी अडकून बसतो आणि मग गळतो. म्हणजे शरीराला धक्का बसला की खूप केस एकदम वाढ थांबवतात, पण हातात येतात ते तीन महिन्यांनी, आणि तोवर आपण तो ताप विसरूनही गेलेलो असतो.

आता मोजायचं कसं. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे आणि दोन-तीन दिवसांनी केस धुतले तर साठलेले सगळे एकदम निघतात, त्यामुळे धुण्याच्या दिवशीचा गुंता बघून घाबरू नका. त्यापेक्षा न धुतलेल्या केसांची ५०-६० केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढा, पाच-सहापेक्षा जास्त हातात आले तर गळती खरंच वाढलीय. आलेला केस नीट बघा. टोकाला पांढरा बारीक ठिपका असेल तर तो वाढीची आपली फेरी संपवून गळालाय (आणि नाही, तो ठिपका म्हणजे मूळ उपटलं असं नसतं, तिथून नवा केस येतो). ठिपका नसेल तर केस मध्येच तुटलाय, तो प्रश्न हीट, कलर, घट्ट बांधणं याचा आहे, त्याला हार्मोनच्या टेस्ट करून काही उपयोग नाही.

सीझनचा परिणाम खरा आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये १४ पुरुषांवर दीड वर्ष अभ्यास झाला, १९९१ मध्ये छापून आला, त्यात मार्चमध्ये सगळ्यात जास्त, ९० टक्क्यांवर केस वाढीच्या टप्प्यात होते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गळती सगळ्यात जास्त, हिवाळ्याच्या दुपटीहून जास्त. दाढी तर हिवाळ्यात सगळ्यात हळू आणि जुलैत सगळ्यात वेगाने वाढत होती. स्वित्झर्लंडमध्ये ८०० हून जास्त बायकांचा डेटा बघितला तिथेही गळायच्या तयारीतले केस जुलैत सगळ्यात जास्त निघाले. हे थंड देशांतले आकडे आहेत, तिथे दिवसाची लांबी खूप बदलते, त्यामुळे महिने जसेच्या तसे सगळीकडे लावू नका. सीझनची गळती ओळखायची खूण अशी की ती पूर्ण डोक्यावर सारखी असते, टक्कल पडत नाही आणि दोनेक महिन्यांत आपोआप कमी होते. ती थांबवायला काही करावं लागत नाही.

हार्मोनचं मात्र जरा बारकाईने बघावं लागतं. प्रेग्नन्सीत इस्ट्रोजेन वाढल्यामुळे केस वाढीच्या टप्प्यातच टिकतात, दाट वाटतात, आणि डिलिव्हरीनंतर ते उतरलं की थांबून राहिलेले सगळे एकत्र, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात. नव्या आईला आधीच झोप नसते आणि वर हे, म्हणून आवर्जून सांगते की बहुतेकींचे केस वर्षभरात परत येतात. थायरॉइड कमी असो वा जास्त, दोन्हीत पूर्ण डोकं विरळ होतं, सोबत थकवा, वजनात बदल, भुवयांची बाहेरची टोकं विरळ दिसली तर टीएसएच (थायरॉइडची ब्लड टेस्ट) करून घ्या. भांग रुंद होतोय, पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर जाड केस येतायत तर पीसीओएस (अंडाशयाशी जोडलेला हार्मोनचा बिघाड) तपासा.

पुरुषांमध्ये कपाळाचे कोपरे आणि टाळू विरळ होते ती डीएचटी या हार्मोनमुळे, हा टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून बनतो. हाच दाढी दाट करतो आणि घराण्यात टक्कल असेल तर डोक्यावरचा केस दर फेरीला बारीक करत नेतो. ही गळती ढिगाने होत नाही, त्यामुळे मोजून कळत नाही. महिन्यातून एकदा त्याच उजेडात, त्याच अँगलने भांगाचा आणि टाळूचा फोटो काढा.

ब्लड टेस्टला जाताना टीएसएचसोबत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पण करा आणि बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या व्हिटॅमिनच्या) गोळ्या चालू असतील तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा, कारण बायोटिनमुळे थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.

गोल चट्टे पडले, टाळू दुखतेय, खपली धरतेय किंवा गळती सहा महिने झाले तरी थांबत नाही, तर घरी प्रयोग नकोत, सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा. त्यांनी मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध दिलं तर सुरुवातीचे काही आठवडे गळती उलट वाढू शकते, जुने केस नव्यांना जागा देत असतात, तेव्हा घाबरून मध्येच बंद करू नका, त्यांना फोन करून विचारा.