फौजीच्या बायकोनं शिकायचं ठरवलंय? मग या चुका टाळा

पहिल्या बदलीच्या वेळी मी पदवीची मूळ गुणपत्रकं काळ्या ट्रंकेत, स्वेटरांच्या खाली ठेवली. सामान ट्रकनं गेलं, आम्ही रेल्वेनं. नव्या गावी प्रवेशाची मुदत संपली तेव्हा ट्रंक अजून वाटेतच होती. वर्ष गेलं. तेव्हापासून मूळ कागद माझ्या पर्समध्ये असतात, बाकी सगळं खुशाल ट्रकमध्ये जाऊ दे.

सगळ्यात महागात पडते ती बी.एड.ची चूक. ‘घरबसल्या इग्नूचं बी.एड. करते आणि आर्मी पब्लिक स्कूलला लागते,’ हे क्वार्टर्समध्ये हमखास ऐकू येतं. पण इग्नू या मुक्त विद्यापीठाचं ते बी.एड. नुसत्या पदवीवर मिळत नाही. आधी डी.एल.एड.सारखा (प्राथमिक शिक्षकाची पदविका) मान्यताप्राप्त कोर्स वर्गात बसून पूर्ण केलेला लागतो, नाहीतर प्राथमिकची प्रशिक्षित शिक्षिका म्हणून नोकरीत असावं लागतं. नाहीतर नियमित दोन वर्षांचं बी.एड. आलंच. ते पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येतं अशा ठिकाणी, पोचल्या पोचल्या धरा, बदलीला वर्ष उरलेलं असताना नव्हे. खरं तर साहेब फील्डला, जिथं कुटुंब नेता येत नाही, आणि आपण सासरी किंवा माहेरी, हा काळ त्यासाठी सगळ्यात चांगला. बायका तो वाट बघण्यात घालवतात, मीही घालवला.

महाराष्ट्राची टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) काढून जोधपूरला गेलात तर तिथल्या सरकारी शाळेत ती चालत नाही. केंद्रीय विद्यालयासारख्या केंद्राच्या शाळांसाठी सीटीईटी, म्हणजे केंद्राची पात्रता परीक्षा, द्या: पहिली ते पाचवीसाठी पेपर 1, सहावी ते आठवीसाठी पेपर 2, खुल्या गटाला 150 पैकी 90 गुण. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. आर्मी पब्लिक स्कूलची ऑनलाइन स्क्रीनिंग टेस्ट मात्र वेगळी, ती द्यावीच लागते.

नर्सिंग झालेल्यांनी पोस्टिंगची ऑर्डर हातात पडताच नव्या राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी बदलायला टाकावी. घर लागल्यावर सुरुवात केली तर महिने जातात.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेवर हिशेब मांडू नका. ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आणि वीरपत्नी-विधवांसाठी आहे. नोकरीत असलेल्या जवानाच्या पत्नीला ती लागू नाही.

आणि नाव! गुणपत्रकावर वडिलांचं नाव नि माहेरचं आडनाव, डिपेंडंट कार्डावर नवऱ्याचं सगळं. आपल्याकडे लग्नात मधलं नावही बदलतं, हे पंजाबातल्या कारकुनाला कसं कळणार? विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र, दोन्हींच्या साक्षांकित प्रती अर्जाला आधीच जोडा.