फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीतून का रोबोटनं, कसं ठरवायचं

पहिल्या स्टेजचा फुप्फुसाचा कॅन्सर निघाला की पाहुणे लगेच सांगायलेत रोबोटनंच करा, पण आधी पेट-सीटी म्हणजे कॅन्सर कुठवर पसरलाय ते दाखवणारा स्कॅन आन श्वासाची टेस्ट म्हणजे पीएफटी होऊ द्या, त्याच्यावरच सगळं ठरतं, आन बिडी-सिगारेट आजच बंद करा.

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे व्हॅट्स, बरगड्यांच्या मधून छोटी छिद्रं पाडून करतात. रोबोटमधे बी ऑपरेशन सर्जनच करतो, कन्सोल म्हणजे कंट्रोलच्या टेबलावर बसून, त्याला थ्रीडी दिसतं, अवजार मनगटावानी वळतं, पण खर्च जास्त. बरं होण्यात दोन्हीत फार फरक नाही. म्हणून मशीन सोडा, सर्जनला विचारा की वर्षाला अशी किती करता, मधेच छाती उघडायची वेळ कितीदा येते, लिम्फ नोड म्हणजे फुप्फुसाजवळच्या लसिका ग्रंथी, ज्यांत कॅन्सर पसरू शकतो, त्या काढणार का.

खरा प्रश्न किती भाग काढायचा हा हाय. गाठ 2 सेंमीपर्यंत, कडेला आन नोड साफ असतील तर पूर्ण लोब म्हणजे फुप्फुसाचा अख्खा मोठा भाग न काढता सेगमेंट म्हणजे त्यातला छोटा हिस्सा काढून बी भागतं, 2022 आन 2023 च्या मोठ्या अभ्यासांत हेच दिसलं. ऑपरेशन झेपणारच नसेल तर एसबीआरटी म्हणजे नेमकं गाठीवरच जास्त डोसनं देतात त्या रेडिएशनचं विचारा. संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात दाखवा, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राकडून आधीच माहिती करून घ्या.