पुढे चिखलदरा, मागे भट्टी

आमचा फ्लॅट नागपुरात, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. पत्र्याचा कूलर पुढच्या खोलीच्या खिडकीत, बाहेरून बसवलेला. तीन उन्हाळे घरात एकच तक्रार: पुढच्या खोलीत रात्री चादर लागते आणि मागच्या खोलीत लेकाची पाठ घामोळ्यांनी भरते. ह्यांचा निकाल तयार होता, मोठा कूलर घेऊ. कूलरवाल्यानेही लगेच मान डोलावली, त्याचं काय जातं! मी म्हटलं, आधी आहे त्या कूलरची हवा जाते कुठे ते तर बघू.

भिंतीवर अडकवायचा साधा थर्मामीटर घेतला. दुपारी तीनला पुढे २९, मागे ३६. मग कूलर फुल स्पीडवर ठेवून उदबत्ती लावली आणि मागच्या खोलीच्या चौकटीत धरली. धूर खोलीकडे वळला तर हवा आत जातेय, सरळ वर गेला तर तुंबलीय. आमचा धूर देवघरातल्यासारखा सरळ वर. उदबत्ती घेऊन घरभर फिरले, तर मुख्य दाराच्या खालच्या फटीशी धूर सपकन बाहेर ओढला गेला. सगळा गारवा जिन्यात चालला होता. शेजारच्यांचं मांजर दुपारभर आमच्याच पायपुसण्यावर का पसरतं, ते तेव्हा कळलं.

गोष्ट साधी आहे. एसी खोलीतली तीच हवा फिरवतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो, म्हणून जेवढी आत येते तेवढीच बाहेरही जायला हवी. सगळी दारं-खिडक्या लावून बसलात तर पंखा नुसता घुमतो, खोली चिपचिपते आणि हवा मिळेल त्या फटीतून पळते. म्हणून वाट आपण ठरवायची. जिथे गारवा हवा, त्या खोलीची, कूलरपासून सगळ्यात लांबची खिडकी उघडायची. मधल्या वाटा बंद करायच्या: मुख्य दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी, स्वयंपाकघराचं दार ओढलेलं, बाथरूमचंही.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हे पाहिलं आणि डोक्याला हात लावला. "भर दुपारी खिडकी काहून उघडली? झळा येतात ना!" मी त्यांच्याच हातात उदबत्ती दिली. धूर खिडकीतून बाहेर जात होता, आत येत नव्हता. कूलर चालू आहे तोवर आतलीच हवा बाहेर रेटली जाते. लाइट गेली की मात्र धावत जाऊन ती खिडकी लावायची, नाहीतर आईंचंच खरं ठरतं.

किती उघडायची? चार बोटांपासून सुरुवात करा आणि दर दहा मिनिटांनी थोडी वाढवत जा. खोल्यांची दारं आपोआप धाडकन आपटत असतील तर वाट कमी पडतेय. माझा अंदाज असा, की कूलरच्या तोंडाच्या दीडपट तरी वाट हवी. आमच्या चार फुटी उंच सरकत्या खिडकीची वीतभर फट म्हणजे जवळजवळ तीन चौरस फूट, तेवढी पुरली. दोन तासांनी पुढे ३०, मागे ३१. पुढच्या खोलीने एक अंश सोडला, त्याबद्दल ह्यांनी आठवडाभर ऐकवलं.

वाट करूनही कूलरच्या तोंडाशीच हवा कोमट लागत असेल तर दोष ताट्यांत, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवत भरलेल्या जाळ्यांत. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओला पत्रा, ओले हात आणि नसलेलं अर्थिंग, एवढ्यावर दर उन्हाळ्यात आपल्याकडे माणसं दगावतात. मग ताटीवर हात फिरवा. कुठे कोरडा पट्टा लागला, की त्याच्या बरोबर वर, ताटीवर पाणी सोडणाऱ्या पन्हळीतलं भोक क्षारांनी बुजलेलं असतं. मी गोधडीच्या सुईने एकेक भोक मोकळं करते. दुसरं म्हणजे लाकडी गवत महिन्याभरात खाली बसतं आणि वर रिकामी जागा राहते. हवेला ओल्या गवतातून जाण्यापेक्षा तिथून जाणं सोपं, म्हणून गरम झोत तसाच आत येतो. तिथे मूठभर गवत खोचलं की काम झालं. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, डासांसाठी.

शेवटच्या मजल्यावाल्यांना स्लॅबचंही भोगावं लागतं. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी सात ते दहा आत उष्णता सोडतो, आणि त्या वेळी सीलिंग फॅन जोरात लावला की छताखालची गरम हवा थेट अंगावर. म्हणून तेव्हा फॅन एक नंबरवर किंवा बंद. गच्चीवर मार्चमध्ये चुना मारून घेतला, त्याने बराच फरक पडला.

एक मर्यादा सांगते. नवतपातल्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांतल्या, कोरड्या ४४ अंशांत आमचा कूलर तोंडाशी २७-२८ ची हवा देतो. जूनमध्ये ढग आले, की बाहेर ३६ असूनही ३०-३१ च्या खाली येत नाही, कारण ओलसर हवेत पाणी फारसं सुकत नाही. मग ताट्या बदला, पंप बदला, काही उपयोग नाही. पंप बंद करायचा, नुसता पंखा चालवायचा, आणि ती मागची खिडकी वीतभर नाही, पुरती उघडायची.