अंथरूण पाहून पांघरूण घ्या

दरवर्षी डिसेंबर लागला की कोणी ना कोणी विचारतंच, जाडजूड ब्लँकेट सांग ना एखादं, रात्री जाम गार पडतंय. मी आधी विचारते खाली काय अंथरता? तर उत्तर येतं गादी आहे की, नाहीतर सतरंजी. इथेच सगळी गोची असते.

कसंय ना, पांघरूण स्वतः गरम नसतं, गरम आपलं अंग असतं, पांघरूण फक्त मधे हवा धरून ठेवतं आणि ती हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. आता अंगाखालचं जे असतं ते आपल्या वजनाने दाबलं जातं, त्यातली हवा जाते, आणि खाली शहाबादी किंवा टाइल्स असतील तर पाठीकडून सगळी ऊब फरशी खाऊन टाकते. वर 3 ब्लँकेटं घेतली तरी पाठ गारच. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी गादीवर एक गोधडी किंवा घोंगडी टाकून झोपून बघा, निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं. जमिनीवर झोपत असाल तर आधी चटई, त्यावर घोंगडी, मग गादी. गादीचा कापूस बसून पापड झाला असेल तर पिंजारी शोधा आणि पिंजून घ्या, नव्या गादीपेक्षा स्वस्त पडतं.

मी हे निफाड-नाशिक साईडच्या थंडीचं सांगतेय. 2018 च्या डिसेंबरात निफाडला पारा 2 अंशांच्याही खाली गेला होता, द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवायची वेळ आलेली. मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी यातलं निम्मं सोडून द्या, तुम्हाला सोलापुरी चादर बास आहे.

आता वरचं. मिंक ब्लँकेट सगळे घेतात कारण दुकानात हात लावला की मऊमऊ लागतं. ते पॉलिस्टर असतं, पानिपतचा माल खूप येतो. ऊब लगेच देतं हे खरं, पण घाम शोषत नाही, मध्यरात्री अंग चिकट होतं मग आपण पाय बाहेर काढतो आणि पहाटे कुडकुडतो. घ्यायचंच असेल तर वजनाला भुलू नका, 5 किलोचं डबल प्लाय घेतलं तर धुवायला मशीनमध्ये मावत नाही आणि पिळायला दोन माणसं लागतात. आत एक सुती चादर घ्या आणि वर हे घ्या, चिकटपणा बराच कमी होतो.

कापसाची रजई माझ्या मते आपल्या थंडीला बेस्ट. सिंगलसाठी दीड-दोन किलो कापूस पुरे होतो, दिल्लीकडच्या जाड रजया इथे अंगावर ओझं वाटतात. जयपुरी रजई अगदी हलकी असते, पुण्याच्या साध्या थंडीला मस्त, निफाडच्या पहाटेला एकटी पुरत नाही. घेताना रजई उजेडासमोर धरून बघा, मधे कुठे पातळ दिसली तर कापूस नीट पसरलेला नाही. टाके जवळजवळ हवेत, लांब टाके असले की दोन महिन्यात सगळा कापूस पायाकडे गोळा होतो. आणि खोळ हवीच, कारण रजई धुता येत नाही, खोळ धुता येते.

गोधडीबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. जुन्या सुती नऊवारीची गोधडी आणि आताच्या सिंथेटिक साड्यांची गोधडी, दोन्हीत जमीनअस्मानाचा फरक आहे. सिंथेटिकवाली घसरते, घाम धरत नाही आणि सुरुवातीला गारगार लागते. शिवायला देत असाल तर आतले थर कसलेही चालतील एकवेळ, पण अंगाला लागणारी बाजू सुतीच द्या (जुनं धोतर मिळालं तर सोन्याहून पिवळं).

घोंगडी टोचते म्हणून लोक नाक मुरडतात, पण खाली अंथरायला तिच्यासारखं काही नाही. लोकर आपल्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत ओल शोषते तरी ओली लागत नाही. फक्त बाजारात घोंगडी म्हणून भलतंच खपवतात. कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा, लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. नवी घोंगडी ताठ असते, तिला चिंचोक्याची खळ लावलेली असते, वापरून वापरून मऊ होते, घाबरू नका.

दोन-तीन पांघरुणं घेताना क्रम महत्त्वाचा, फुगीर आणि सैल विणीचं आत, घट्ट विणीचं वर. रजईवर सोलापुरी चादर टाकून बघा, वारा आत शिरत नाही. नवरा-बायकोने एकच डबल घेण्यापेक्षा दोन सिंगल घ्या, मधल्या फटीतून येणारी थंडी आणि ओढाओढी दोन्ही वाचतं.

वर्षाच्या आतल्या बाळावर मात्र सुटं पांघरूण, रजई काहीच नको, तोंडावर आलं तर त्याला बाजूला करता येत नाही. त्यापेक्षा अंगातच गरम कपडे घाला. आणि इलेक्ट्रिक ब्लँकेट असेल तर घडी घातलेलं चालू करू नका, झोपायच्या आधी अंथरूण तापवा आणि बंद करा.

रजई, गोधडी पेटीतून काढली की दोन दिवस कडक ऊन दाखवा, दमट कापूस ऊब देत नाही. थंडी सरली की परत ऊन, मग सुती कपड्यात गुंडाळून ठेवा, घोंगडीला कसर लागते म्हणून तिच्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. माझी एक चांगली रजई तशीच गेली, पावसाळ्यानंतर उघडली तर काळे ठिपकेच ठिपके, कापूस फेकला आणि खोळीच्या भाजीच्या पिशव्या शिवल्या.